शपथ घालू नका



एरवी मी इथे दांडिया बाजारातल्या जुन्या आठवणी लिहितो. वाडा, सूरसागरची पाळ, जुम्मादादा व्यायाममंदिरातला मल्लखांब, गणपतीतली व्याख्यानं. आजचा विषय तसा नाही. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. पण ज्यांच्या घरात बारा ते वीस वर्षांचं मूल आहे, त्यांनी जरूर वाचा, ही विनंती.

गेल्या महिन्यात माझ्या एका बालमित्राचा फोन आला. नाव सांगत नाही. त्याच्या नातवाने स्वतःला इजा करून घेतल्याचं घरच्यांच्या लक्षात आलं होतं. एकदा नव्हे, बरेच दिवस चाललं होतं. मित्र म्हणाला, "पण आता मिटलं रे. देवासमोर बसवलं आणि आईच्या गळ्याची शपथ घ्यायला लावली. रडला, पण घेतली शपथ. आता नाही करायचा."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ झोपाळ्यावर बसून राहिलो. कारण हेच वाक्य, याच समाधानाने, तीन वर्षांपूर्वी आमच्या घरात मी बोललो होतो.

म्हणून लिहितोय. माझ्या नातीला आधी विचारलं. ती आता कॉलेजात आहे. म्हणाली, "लिहा आजोबा, पण माझं नाव नको आणि रडगाणं नको." तिला इथे चिऊ म्हणतो. ही पोस्ट टाकण्याआधी तिने वाचली आहे, दोन वाक्यं खोडली आहेत, आणि ती दोन्ही वाक्यं काढलेली आहेत.

आधी थोडं आमच्या काळाबद्दल. आम्ही वाड्यात वाढलो. चौकात एक नळ, सात बिऱ्हाडं, कोणाकडे काय शिजलंय ते वासावरून कळायचं. माझे काही समवयस्क म्हणतात, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती." मला हे पटत नाही. आमच्या वाड्यातच एक मुलगा होता. वडील रागावले की डोकं भिंतीवर आपटायचा. कपाळाला कायम टेंगूळ. सगळा वाडा बघायचा आणि म्हणायचा, "तिरसट आहे." एक काकू म्हणायच्या, बाहेरचं असेल. त्याला जवळ घेऊन 'काय होतंय रे तुला?' असं कोणी विचारलेलं मला आठवत नाही. मीही विचारलं नाही. आणि कोणी जरा वेगळं वागलं की एक विनोद ठरलेला: "कारेलीबागेत पाठवा याला." पुण्यात जसं येरवडा म्हणतात, तसं आमच्या बडोद्यात कारेलीबाग. तिथे मनोरुग्णालय आहे ना. हसायचो सगळे. त्या हसण्यामुळे किती जणांनी तोंड मिटून घेतलं असेल, देव जाणे.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आपण छाती फुगवून सांगतो. सांगावंच. पण घरातल्या पोराच्या मनात काय चाललंय ते कसं विचारायचं, याचं शिक्षण आपण कोणी घेतलं नाही. सत्तरी ओलांडल्यावर ते मला घ्यावं लागलं.

आता २०२२ चा उन्हाळा. बडोद्याचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. बेचाळीस-त्रेचाळीसच्या उकाड्यात चिऊ घरात पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून बसायची. विचारलं की म्हणायची, "टॅन होतं." दहावी झाली होती, अकरावी सायन्स आणि त्यासोबत क्लास सुरू होणार होता. त्याआधीची दोन वर्षं शाळा म्हणजे मोबाईलचा पडदा. जेवायला सगळ्यात शेवटी यायची, लवकर उठायची. आम्हाला वाटलं, वयच तसं आहे.

एके दिवशी सूनबाईंना दंडावरच्या खुणा दिसल्या. पुढचं वर्णन करत नाही, त्याची गरज नाही. त्या दिवशी आम्ही चार मोठी माणसं काय वागलो ते मात्र सांगतो.

सूनबाई रडायला लागल्या, "माझंच काहीतरी चुकलं." मुलगा संतापला. त्याने तिचा फोन काढून घेतला आणि तासाभरात तिच्या खोलीच्या दाराची आतली कडी काढून टाकली. मी भाषण दिलं. आम्ही कसे एका खोलीत सहा जण राहिलो, मी सायकलवर बी.कॉम. कसं केलं, तुम्हाला काय कमी आहे. अर्धा तास बोललो असेन. आणि आमच्या हिने चिऊला देवघरात नेलं, तिचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "माझी शपथ घे. पुन्हा असं करणार नाहीस."

चिऊने शपथ घेतली. हिने तिला पोटाशी धरलं, दोघी रडल्या, संध्याकाळी शिरा केला. रात्री मी मुलाला म्हणालो, "मिटलं. आईने शपथ घातली आहे. पोरगी शब्दाची पक्की आहे."

चौघेही प्रेमानेच वागलो होतो, हे मुद्दाम सांगतो. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण त्या दिवशी त्या मुलीला एकानेही विचारलं नाही की तुला एवढं कसलं दुखतंय?

पुढचे चार महिने घर शांत. आम्ही खूश. मग नवरात्र आलं. कोरोनामुळे दोन वर्षं मोठे गरबे झाले नव्हते, त्यामुळे २०२२ च्या नवरात्रात सगळं बडोदं रस्त्यावर. आमच्यासारखी मराठी घरंसुद्धा नऊ दिवस गुजराती होतात. चिऊ पहिलीपासून गरबा खेळणारी. दोन वर्षं वाट बघत होती. सूनबाईंनी चणिया-चोळी आणली. आणि पोरगी म्हणाली, मला खेळायचं नाही. पास मैत्रिणीला देऊन टाकला.

बडोद्यातली सतरा वर्षांची मुलगी गरबा नको म्हणते, तेव्हा काहीतरी मोठं बिनसलेलं असतं. सूनबाईंनी ते बरोबर ओळखलं. या वेळी त्या रडल्या नाहीत. रात्री तिच्या शेजारी जाऊन नुसत्या पडल्या. तासाभराने चिऊ बोलली. थांबलं नव्हतंच. शपथेनंतर पंधरा दिवसांतच पुन्हा झालं होतं. फरक एवढाच की आता ते दिसणार नाही याची ती काळजी घेत होती.

आणि मग तिने जे सांगितलं ते ऐकून मला घाम फुटला. ऑगस्टमध्ये हिला डेंग्यू झाला होता. पाच दिवस दवाखान्यात, प्लेटलेट्स खाली. त्या पाच रात्री ती पोर झोपली नव्हती. तिला वाटत होतं, आपण शपथ मोडली म्हणून आजी आजारी पडली. आजी गेली तर ती आपल्यामुळे जाईल. हे ती कोणाला सांगणार? सांगायचं तर शपथ मोडल्याचं आधी कबूल करावं लागणार. म्हणजे जे दुःख सहन होत नव्हतं म्हणून ती स्वतःला इजा करत होती, त्यावर आम्ही आजीच्या जिवाचं ओझं आणून ठेवलं होतं. आपल्याच हाताने, देवासमोर.

मी बँकवाला माणूस. मला गोष्टी बँकेच्याच भाषेत कळतात, त्याला इलाज नाही. १९९१ साली नरसिंहम समिती आली आणि ९२-९३ पासून थकीत कर्जांचे नवे नियम लागू झाले. एनपीए हा शब्द तेव्हापासून आमच्या मानगुटीवर बसला. मी तेव्हा ब्रँच मॅनेजर होतो. वरून फोन यायचा: "मार्चअखेर एनपीए शून्य पाहिजे. शब्द द्या." मॅनेजर शब्द द्यायचा. आणि मग काय व्हायचं? पार्टीला नवीन कर्ज काढून द्यायचं आणि त्यातून जुनं खातं भरल्यासारखं दाखवायचं. कागदावर सगळं हिरवंगार. या प्रकाराला आमच्यात एव्हरग्रीनिंग म्हणतात. मार्चमध्ये पेढे वाटायचे, आणि दोन-तीन वर्षांनी तीच रक्कम दुप्पट होऊन बुडायची. २०१५ साली रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांची वही तपासायला घेतली, तेव्हा किती हिरवळ खोटी होती ते देशाने पाहिलं.

शपथ म्हणजे हेच. मुलाकडून 'शून्य' लिहून घेणं. मुलाला बरं करण्यापेक्षा आपल्याला रात्री झोप लागावी म्हणून आपण ती घालतो. मूल प्रेमळ असेल तर ते आपल्याला हवा तो आकडा देतं आणि खरा आकडा लपवायला शिकतं.

थकीत खातं उघडपणे थकीत म्हणणारा मॅनेजर वाईट नसतो. त्याच्या शाखेचं काहीतरी करता येतं. पुढे पुढे तर खातं एनपीए होण्याआधीच, हप्ता चुकला की त्याला वेगळं नाव देऊन लक्ष ठेवायची पद्धत आली, स्पेशल मेन्शन अकाउंट. खातेदाराला पोलिसात द्यायला नव्हे, वेळेवर मदत करायला. घरात आपल्याला ही पद्धत हवी. पहिला हप्ता चुकला की मूल येऊन सांगेल, अशी.

नवरात्र संपल्यावर आम्ही एका मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. तीन-चार भेटी झाल्या तेव्हा माझ्या डोक्यातली बरीच जळमटं निघाली. मला जे समजलं ते माझ्या शब्दांत लिहितो.

पहिलं, ही नाटकं नव्हेत. लोक म्हणतात, लक्ष वेधून घ्यायला करतात. अहो, लक्ष वेधायचं असतं तर मे महिन्यात पूर्ण बाह्या कशाला घातल्या असत्या? बहुतेक मुलं हे लपवतात. मनातला ताण, राग, लाज किंवा रितेपणा इतका वाढतो की शरीराला इजा केल्यावर थोडा वेळ तो कमी झाल्यासारखा वाटतो. म्हणून पुन्हा पुन्हा होतं. नंतर शरम वाटते, आणि शरमेने ताण आणखी वाढतो. हे चक्र असतं.

दुसरं, असं करणाऱ्या प्रत्येक मुलाला मरायचंच असतं असं नाही. चिऊला मरायचं नव्हतं, तिला ते थांबायला हवं होतं. पण म्हणून दुर्लक्षही करायचं नाही. कारण वारंवार असं होत असेल तर पुढे जिवाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तेव्हा डॉक्टरांकडे जायचंच. आणि 'तुला कधी जगणं नको असं वाटतं का?' हा प्रश्न सरळ, शांतपणे विचारायचा. मला भीती होती की विचारलं तर डोक्यात नसलेलं यायचं. बाईंनी स्पष्ट सांगितलं, विचारल्याने तसं होत नाही. उलट मुलाला हायसं वाटतं की कोणीतरी ऐकायला तयार आहे. मुलगा किंवा मुलगी 'हो' म्हणाली, तर मात्र तिला एकटं ठेवायचं नाही आणि त्याच दिवशी मदत घ्यायची.

तिसरं, एकच कारण शोधत बसू नका. मी तेच करत होतो. प्रत्येक एंट्रीला व्हाउचर पाहिजे! क्लासचा ताण का? मैत्रीण तुटली म्हणून का? मोबाईल का? सगळं थोडं थोडं होतं. आणि तिला सायन्स नको होतं, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

चौथं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. बाई म्हणाल्या, "ही सवय सुटावी असं मलाही वाटतं. पण बुडणाऱ्याच्या हातातलं लाकूड काढून घ्यायचं असेल, तर आधी आपला हात द्यावा लागतो." शपथेने आम्ही लाकूड काढून घेतलं होतं. हात कोणी दिलाच नव्हता.

जगात हा विषय कुठवर गेला आहे याचं एक उदाहरण त्या निमित्ताने वाचनात आलं. अमेरिकेत मार्शा लिनेहॅन नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत. स्वतःला इजा करणाऱ्या लोकांसाठी त्यांनी एक उपचारपद्धती उभी केली, तिला डीबीटी म्हणतात आणि आज ती जगभर वापरली जाते. २०११ साली, साठी उलटल्यावर, त्यांनी जाहीरपणे सांगितलं की त्या स्वतः तरुणपणी हेच करत होत्या आणि सतराव्या वर्षी मनोरुग्णालयात दाखल होत्या. एवढ्या मोठ्या बाईंना हे बोलायला पन्नास वर्षं लागली. मग आपल्या सतरा वर्षांच्या पोरीने पहिल्याच दिवशी सगळं सांगावं, ही अपेक्षा कशी करायची? या पद्धतीतही दोन गोष्टी बरोबरीने चालतात. तू आत्ता जशी आहेस तशी आम्हाला मान्य आहेस, आणि आपल्याला मिळून बदलायचंही आहे. आपण दुसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करतो आणि पहिली विसरून जातो.

मराठीतलं उदाहरण हवं तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' बघा. २०१६ सालचा चित्रपट, त्याला सुवर्णकमळ मिळालं. त्यातली जानकी एका उद्ध्वस्त झालेल्या तरुणाला घरी आणते आणि त्याच्या मागे प्रश्नांचा ससेमिरा लावत नाही. खायला देते, वेळ देते, वाट बघते. आम्ही तो सगळ्यांनी मिळून पाहिला. अर्थात तो आधी बाईंना विचारून, आणि चिऊ तयार झाल्यावर.

आता आम्ही घरात काय बदललं ते. ही काही औषधाची चिठ्ठी नव्हे, प्रत्येक घर वेगळं. पण कोणाला उपयोग झाला तर बरं.

हिने स्वतःहून शपथ सोडवली. तेच देवघर, तोच हात. म्हणाली, "मी तुला बांधलं होतं, ते सोडलं. माझ्या तब्येतीचा आणि तुझा काही संबंध नाही. पुन्हा झालं तर मला सांग, मी रागावणार नाही." पंच्याहत्तरीला आलेल्या बाईने नातीची माफी मागणं सोपं नसतं. मला त्या दिवशी आमच्या हिचा फार अभिमान वाटला.

मुलाने दाराची कडी परत लावली, पण चिऊशी बोलून. घरातली औषधं आणि धोक्याच्या वस्तू कुलपात गेल्या, तेही तिला सांगून, गुपचूप नव्हे. तपासणी आणि काळजी यांत फरक आहे. मी आयुष्यभर ब्रँच इन्स्पेक्शन केली आहेत, मला माहीत आहे. इन्स्पेक्टर आला की माणूस फायली लपवतो.

फोनचा एक संकेत ठरला. बोलवत नसेल तेव्हा तिने आम्हा चौघांपैकी कोणालाही फक्त एक ठिपका पाठवायचा. पूर्णविराम, बस. ज्याला ठिपका येईल त्याने तिच्याजवळ जाऊन बसायचं. कारण विचारायचं नाही. मला पहिला ठिपका आला तो रात्री पावणेबाराला. मी गेलो. काय बोलावं सुचेना. म्हटलं, "रमी खेळतेस?" अडीच वाजेपर्यंत खेळलो. ती जिंकली. दुसऱ्या दिवशी समजलं, त्या रात्री ती स्वतःला सांभाळू शकली होती. मला बढतीचं पत्र मिळाल्यावर झाला नसेल एवढा आनंद झाला.

ठिपक्याशिवाय तिला तिच्या समुपदेशकांनी आणखी मार्ग दिले. लाट आली की चेहऱ्यावर गार पाणी मारायचं, जिने चढायचे-उतरायचे, मोठ्याने गाणी लावायची. लाट काही वेळाने ओसरते, तेवढा वेळ काढायचा. सायन्स सोडून ती कॉमर्सला आली. एक वर्ष गेलं. एका नातेवाइकांनी हळहळून विचारलं, "वर्ष फुकट गेलं का हो?" मी म्हटलं, "नाही, गुंतवलं."

जखम दिसली तर काय करायचं, हेही बाईंनी शिकवलं. किंचाळायचं नाही, टक लावून बघायचं नाही. शांतपणे स्वच्छ करायची, पट्टी बांधायची, गरज असेल तर दवाखान्यात न्यायचं. पडून गुडघा फुटला असता तर जसं वागलो असतो, तसंच. आणि हे सगळं गावभर सांगायचं नाही. शाळेत, नात्यात, सोसायटीत कोणाला सांगायचं ते तिला विचारून.

दृष्ट काढण्याबद्दल कोणी विचारेल म्हणून सांगतो. आमची ही अजूनही काढते. माझा विरोध नाही. मीठ-मोहऱ्या ओवाळताना आजी दोन मिनिटं फक्त नातीकडे बघते, याने कोणाचं वाईट व्हायचंय? फक्त ते डॉक्टरांच्या ऐवजी नको, एवढंच.

आणि आई-बापांनी स्वतःकडेही बघा. सूनबाई सहा महिने नीट झोपल्या नव्हत्या. शेवटी त्याही एकदा बोलायला गेल्या. घरात धाकटं भावंड असेल तर त्यालाही त्याच्या वयाला झेपेल एवढं सांगा. त्याला सगळं दिसत असतंच.

थोडं व्यवहाराचंही सांगतो, कारण भीती बऱ्याचदा तिथे असते. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. पोलीस, पंचनामा, पेपरात नाव, या धास्तीने घरं पोरांना दवाखान्यातच नेत नसत. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ पासून लागू झाला. तो म्हणतो, असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून जी नवी न्याय संहिता आली, तिच्यात ते जुनं कलमच राहिलं नाही. आणि चिऊसारख्यांचा तर मरण्याचा हेतूही नसतो. तेव्हा पोलिसांच्या भीतीने घरात बसू नका. त्याच कायद्यात असंही आहे की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं. फक्त आपली पॉलिसी नीट वाचा, ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसींत मिळत नाही.

पैशांची अडचण असेल तर आपल्या सयाजी हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे. कारेलीबागेतल्या ज्या जागेवर आम्ही विनोद करत होतो, तिथेही ओपीडी आहे, आणि तिथे जाण्यात काडीची लाज नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली-मानस सेवा सुरू आहे. नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र, आणि मराठी-गुजरातीतही बोलता येतं. मूल स्वतः फोन करू शकतं, आई-बापही करू शकतात. मुलांसाठी १०९८ आहे. जिवाला धोका वाटला तर विचार करत बसू नका, १०८ लावा. हे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवा, गॅसवाल्याच्या नंबरशेजारी.

आता काही जण म्हणतील, हे फार लाड झाले. इतकं सांभाळून घेतलं तर मुलं कणखर कशी होणार? हा आक्षेप मी समजू शकतो, कारण माझाही तोच होता. माझं उत्तर एवढंच की आम्ही कडक वागून पाहिलं, चार महिने. कडी काढली, फोन काढला, शपथ घातली. त्या चार महिन्यांत ती कणखर झाली नाही, एकटी झाली. मर्यादा आमच्या घरात आजही आहेत. रात्री फोन बाहेरच्या खोलीत राहतो, चिऊचाही आणि माझाही. फक्त ठिपका आला तर ऐकू यावा म्हणून माझा आवाज चालू असतो, आणि तिला उठून फोन घ्यायची मुभा आहे.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही, चिऊनेच बजावलंय. त्यानंतर दोनदा पुन्हा झालं. एकदा बारावीच्या परीक्षेआधी, एकदा विनाकारण. पण दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः सांगितलं. एकदा आईला, एकदा मला. मला म्हणाली, "आजोबा, काल जमलं नाही." मी म्हटलं, "बरं. चहा ठेवू?" माझ्या लेखी तो आमच्या घराचा सगळ्यात चांगला दिवस होता. पूर्वी ती चार महिने लपवत होती, आता बारा तासांत सांगत होती. यंदाच्या नवरात्रात ती पाच दिवस खेळली. पूर्ण बाह्यांची चोळी शिवून घेतली होती. एका मैत्रिणीने विचारलं तर म्हणाली, "मला आवडते." तिचं ती ठरवते.

आणि माझा मित्र. मी त्याला दुसऱ्या दिवशी परत फोन केला आणि हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे शपथ सोडवू म्हणतोस?" मी म्हटलं, "आजच सोडव. आईला म्हणावं, तिनेच सोडवावी." संध्याकाळी त्याचा निरोप आला: सोडवली. पोरगा तासभर बोलला. आता डॉक्टर शोधतोय.

तुमच्याही घरात कोणी शपथ घालून बसलं असेल, तर आज जेवणाआधी सोडवा. बाकीचं नंतर बघू.

चूकभूल द्यावी घ्यावी.

एक निवृत्त बँकवाला, बडोदे